मिठाची गुळणी

सकाळी उठायचं म्हणजे आधी फक्त डोळे.
मग उशाशी झाकून ठेवलेला ग्लास,
पाण्यात चमचाभर मीठ,
एका दमात, नाक मुरडून.
मग पलंगाच्या कडेला बसून राहायचं,
खिडकीतून दिसणाऱ्या पवनपंपाची पाती मोजत.
आणि मग, जमलंच तर, उभं.

आडवी असताना बहात्तर.
उभी राहिले की एकशे छत्तीस.
रक्तदाब तेवढा शहाऐंशीवर पेंगत बसलेला,
घराला आग लागल्यासारखा एकजण धावतोय
आणि दुसऱ्याला हाक ऐकूच येत नाही.

सेचोव्ल्येच्या मिठागरात मी पहिल्यांदा
कामाच्या वेळी बांधावर बसले, तेव्हा
ओंदिना फावडं थांबवून म्हणाली,
"तुझ्या वयाची होते तेव्हा मी दोन गाडे ढकलायचे."
खोटं नाही ते.
मीही ढकललेत, त्या तापाच्या आधी.
ताप चार दिवसांत गेला,
जाताना कसलीशी किल्ली खिशात घालून गेला.

इझोलाच्या इस्पितळात पट्ट्यांनी बांधलं मला
आणि टेबलच हळूहळू उभं केलं.
सातव्या मिनिटाला खोली कडांपासून काळी होत आली,
कागद जळतो तशी.
"हे नाटक नाही," डॉक्टरीण म्हणाली.
मी रडले. आजार निघाला म्हणून
बरं वाटून रडतं का कुणी?
मग तिने कागदावर लिहिलं:
मीठ. रोज दहा ग्रॅम.
मिठागरवाल्याच्या मुलीला
मीठ लिहून दिलं!

घरी टेबलाच्या पलीकडे बाबा.
चाळीस वर्षं मीठ ओढलेले हात
आणि समोर अळणी सूप.
त्यांचा दाब एकशे सत्तर,
मीठदाणी आईच्या ताब्यात, आईची नजर त्यांच्यावर.
मी टोमॅटोवर मीठ घालते. पुन्हा घालते.
बाबा माझ्या बोटांकडे बघत राहतात,
बंदरातून सुटलेल्या बोटीकडे बघावं तसे.
"थोडं इकडे सांडलं तरी चालेल," म्हणतात एकदा.
आई खाकरते.

माझ्या आजाराबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.
त्यांना वाटत असावं, मुलीचं काळीजच भित्रं.

ऑगस्टमध्ये मीठ पिकतं
आणि माझं रक्त पायांत उतरून
तिथेच बिऱ्हाड करतं.
कमरेपर्यंत घट्ट मोजे, त्या उन्हात.
माझं काम आता गोदामात, स्टुलावर,
पुड्या तोलायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या.
त्या दिवशी वारा पडला होता.
बाबांची पाण्याची बाटली गोदामातच राहिलेली.
शंभर पावलं तर होती.

साठाव्या पावलाला काजवे.
मग ओंदिनाचा आवाज, खूप लांबून,
"डोकं वर धरा तिचं, डोकं!"
आणि बाबांचा, त्याहून मोठा,
"डोकं नको. पाय."
मला उचलणं त्यांना झेपणारं नव्हतं.
ते चिखलातच बसले, फतकल मारून,
माझे पाय मांडीवर घेतले,
ते हास्यास्पद काळे मोजे, बुटांसकट,
आणि मनगटावर बोटं ठेवली.
ओठ हलत होते,
टोपल्या मोजताना हलतात तसे.
इस्पितळातून आणलेलं ते माहितीपत्रक
त्यांनी कधी वाचलं, कुणास ठाऊक.

"एकशे बेचाळीस," ते म्हणाले,
चांगल्या हंगामाचा आकडा सांगावा
त्या सुरात.
ओंदिना काही बोलली नाही.
तिने आपली टोपी काढून
माझ्या तोंडावर सावली धरली.

डोळे नीट उघडले तेव्हा
माझ्या मनगटावर चार पांढरी बोटं उमटली होती.
बाबा पाण्याकडे तोंड करून बसले होते,
अंगठा तोंडात.
लहान मुलासारखा चोखत होते,
घाई न करता.

रात्री आईने विचारलं,
"आज यांनी कुठे मीठ तर नाही ना खाल्लं?"
बाबांनी सुपात डोकं घातलं.
मी माझा ग्लास उचलला,
मोठा घोट घेतला
आणि मिठाची गुळणी धरली.